जेम्स ओल्ड्स
जेम्स ओल्ड्स (३० मे, १९२२ - २१ ऑगस्ट, १९७६) हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व मेंदूविज्ञानाचे संशोधक होते. पीटर मिल्नर यांच्यासह १९५४ साली त्यांनी मेंदूतील पारितोषिक केंद्रांचा शोध प्रसिद्ध केला. प्राण्याला एखाद्या गोष्टीची ओढ किती आहे, हे त्याने स्वतः घेतलेल्या श्रमांवरून मोजण्याच्या पद्धतीला या शोधाने नवे क्षेत्र मिळवून दिले. अमली पदार्थांच्या व्यसनावरील प्रयोगांत पुढे हीच मोजणी महत्त्वाची ठरली.

जीवन
ओल्ड्स यांचा जन्म शिकागो येथे झाला. त्यांचे वडील लेलँड ओल्ड्स हे अमेरिकेच्या संघीय ऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर जेम्स यांनी १९४७ साली ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी आणि १९५२ साली हार्वर्ड विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. प्रेरणा हा त्यांच्या अभ्यासाचा आरंभापासूनचा विषय होता. त्यानंतर ते डोनाल्ड हेब यांच्याकडे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले.

शोध
मॅकगिल येथे एका उंदराच्या मेंदूत बसवलेला इलेक्ट्रोड नियोजित जागी न पोहोचता दुसरीकडेच गेला. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात सौम्य विद्युत् उद्दीपन मिळाले होते, तेथे तो उंदीर पुन्हा पुन्हा परतू लागला. ओल्ड्स यांनी ही चूक मानून सोडून दिली नाही. कळ दाबताच स्वतःच्या मेंदूला उद्दीपन मिळेल अशा पेटीत त्यांनी उंदीर ठेवले. काही उंदरांनी तासाला हजारो वेळा कळ दाबली. विजेचा झटका देणारी जाळी ओलांडून कळीपर्यंत जाण्याची त्यांची तयारी भुकेल्या उंदरांच्या अन्नासाठीच्या तयारीहूनही अधिक दिसली. मात्र प्रवाह बंद करताच ते थोड्याच वेळात कळ दाबणे थांबवीत.

औषधे आणि प्रेरणेचे मापन
क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांमुळे कळ दाबण्याच्या वेगात कोणता बदल होतो, हेही ओल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. परंतु केवळ वेगावरून ओढीची तीव्रता ठरवणे अवघड असते. औषधाने प्राणी सुस्त झाला तरी वेग घटतो. विल्यम होडोस यांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक बक्षिसासाठी आधीपेक्षा अधिक वेळा कळ दाबावी लागते आणि प्राणी कोणत्या टप्प्यावर प्रयत्न सोडतो, हे नोंदवले जाते. होडोस यांचे बक्षीस गोड आटवलेले दूध होते. पुढे कोकेनसारखे पदार्थ शिरेतून स्वतः घेणाऱ्या प्राण्यांवरही ही पद्धत वापरली गेली. प्रयत्न सोडण्याचा टप्पा जितका उशिरा, तितकी प्रेरणा अधिक समजली जाते.

उत्तरायुष्य व वारसा
ओल्ड्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठ (लॉस एंजेलिस), मिशिगन विद्यापीठ व १९६९ पासून कॅलटेक येथे कार्य केले. १९६७ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्यांच्या पत्नी मेरिअॅन ओल्ड्स याही त्यांच्या संशोधनात सहभागी होत्या. १९७६ साली कॅलिफोर्नियात समुद्रात पोहत असताना त्यांचा मृत्यू झाला.

त्यांनी शोधलेल्या भागांना दीर्घकाळ सुखकेंद्रे म्हटले गेले. हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन प्रक्रिया भिन्न असू शकतात, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे कळ दाबणाऱ्या प्राण्याला सुख मिळतेच, असा निष्कर्ष आता सरसकट काढला जात नाही. व्यसनी व्यक्तीला आनंद उरलेला नसतानाही ओढ का कायम राहते, हे समजून घेण्यास हा भेद उपयोगी ठरतो.