थिबा राजा आणि न पोहोचलेली शस्त्रे

रत्नागिरीत थिबा राजाचे नाव निघाले की आपण राजवाड्याविषयी बोलतो. त्याचे राज्य कसे गेले, हे क्वचितच सांगतो.

मंडालेत पाचवी धम्मसंगीती भरवणाऱ्या, त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेणाऱ्या मिंडन राजाचा हा मुलगा. विहारात शिकला, १८७८ साली गादीवर आला. पुढच्याच वर्षी राजघराण्यातील कितीतरी जणांची कत्तल झाली. राजा बौद्ध होता म्हणून आम्ही ते झाकणार नाही.

ब्रह्मदेशाचा सगळा किनारा १८५२ पासून इंग्रजांकडे होता. रंगूनमार्गे बंदुका येणे शक्य नव्हते. म्हणून थिबाने फ्रान्सशी मैत्री केली. जानेवारी १८८५ मध्ये पॅरिसला करार झाला. टोंकिनमध्ये शांतता झाल्यावर तिथून शस्त्रे जाऊ देण्याचे आश्वासन पंतप्रधान ज्यूल फेरी यांनी गुप्त पत्रात दिले. पण टोंकिनमध्ये खुद्द फ्रान्सच चीनशी लढत होता! मार्चअखेर त्याच युद्धापायी फेरींचे सरकार पडले. इकडे पत्राचा सुगावा इंग्रजांना लागला.

सागवान तोडणाऱ्या इंग्रज कंपनीला ठोठावलेला दंड हे त्यांना निमित्त पुरले. नोव्हेंबरमध्ये इंग्रज फौज इरावतीतून चढून आली आणि दोन आठवड्यांत मंडाले पडले. फ्रान्स हलला नाही.

एप्रिल १८८६ मध्ये थिबाला रत्नागिरीत आणले. राजवाडा मिळाला तो १९१० च्या सुमारास, आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते.