लोखंडाला मज्जाव करणारे शास्त्रज्ञ : नानाभाई मूस



चुंबकाचा पाठ शिकवताना आपण पट्टीचुंबक दाखवतो, लोहकीस पसरतो, होकायंत्र फिरवतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. या वेळी त्याच तासाला मुलांना नानाभाई मूस यांची गोष्ट सांगून बघा.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि पुढे एडिंबरो विद्यापीठात. १८९६ मध्ये ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४० च्या दशकापासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जात होते. गंमत बघा, त्यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी सूर्यामुळे उठलेले एक प्रचंड चुंबकीय वादळ याच वेधशाळेच्या नोंदींत पकडले गेले होते. शास्त्रज्ञ त्या नोंदी आजही काढून अभ्यासतात.

मग अडचण आली ट्रामची. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार होत्या. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून परत जातो, थोडा जमिनीतही झिरपतो. प्रवाह आला की त्याचे चुंबकत्व आलेच. त्या गोंगाटात पृथ्वीचे बारीक बदल कसे मोजायचे? बरं, यंत्रे उचलून दुसरीकडे नेली तर साठेक वर्षांच्या नोंदींची साखळी तुटणार.

मूस यांनी समुद्रापलीकडचे, सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले. पण घाईने कुलाबा बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे नीट जुळवता आले. मला विचाराल तर त्यांचे सगळ्यात मोठे काम हेच. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

अलिबागच्या इमारतीत लोखंडाला मज्जाव होता. त्याऐवजी पितळ, तांबे वापरले. दगड पोरबंदरचा. आता मुले विचारतील, आपला काळा दगड का नाही? तर त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. खात्री करायची असेल तर पैनगंगेची कोरडी वाळू आणा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवा. काळे कण चिकटतात की नाही ते बघा.

लोखंडच का, तांबे का नाही? लोखंडाच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे जणू इवली इवली चुंबके असतात आणि ती शेजाऱ्याचे बघून एकाच दिशेला वळतात. तांब्यात तसा मेळ बसत नाही. स्पिनची कल्पना पुढे आली १९२५ मध्ये, अलिबागच्या बांधकामानंतर वीस वर्षांनी! आज पीएच.डी. करणारी मुले अशा हजारो-लाखो चुंबकांची जाळी संगणकावर मांडतात आणि तापमान वाढवले की त्यांची रांग कशी मोडते ते तपासतात.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी आणि त्यांचा अभ्यास दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केला. १८९८ मध्ये कुलाब्याला भूकंपमापक यंत्र बसवले तेही त्यांनीच. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. अलिबागची मोजणी अजून चालू आहे.

गोष्ट संपली की वर्गाला एक काम द्या. आपल्या खोलीतून लोखंड हद्दपार करायचे ठरवले तर काय काय बाहेर न्यावे लागेल, याची यादी करायला सांगा. बिजागऱ्या आणि खिडकीचे गज कुणाला आठवतात ते बघा.