मराठी पुस्तकाच्या पाठीवर 891.46 हा आकडा कुठून आला? लायब्ररीत मदत करणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळं

कोराडी म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. जगदंबेचं मंदिर आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. पण आजचा विषय आहे कोराडीतल्याच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत असते ती एक खोली. लायब्ररी.

या खोलीत मधल्या सुट्टीत एकदोन पोरंपोरी हमखास दिसतात. परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची, सुटलेल्या पानाला डिंक लावायचा. मैदानावरच्यांना वाटतं, खेळायचं सोडून ही मंडळी धूळ काय झटकत बसलीत?

तर गड्यांनो, जगभरातल्या लायब्रऱ्या ज्याच्या पद्धतीनं लागल्या तो माणूस असाच एक विद्यार्थी मदतनीस होता. नाव, मेल्विल ड्युई.

ड्युईचा जन्म 10 डिसेंबर 1851 चा. गाव अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं अ‍ॅडम्स सेंटर. वडिलांचं छोटं दुकान होतं, घरची परिस्थिती बेताची. लहानपणी तो आईच्या कोठीतले डबे प्रकारानुसार लावून ठेवायचा असं सांगतात. पैसे साठवले तेही शब्दकोश विकत घ्यायला.

1868 च्या जानेवारीत त्याच्या शाळेला आग लागली. सोळा वर्षांचा ड्युई आत शिरून पुस्तकं बाहेर काढत राहिला. धूर छातीत गेला आणि खोकला काही केल्या हटेना. हा पोरगा फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. ड्युई वाचला, पण वेळ वाया घालवायचा नाही हे खूळ त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. इतकं, की लिहिण्यात वेळ जातो म्हणून त्यानं स्वतःच्या नावातली जास्तीची अक्षरंसुद्धा कापून टाकली.

1870 मध्ये तो अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात दाखल झाला. खर्चाला पैसे हवे होते, म्हणून 1872 मध्ये कॉलेजच्या लायब्ररीत काम धरलं. काम साधंच, हिशेब आणि पडेल ती मदत.

पण तिथं त्याला एक गोष्ट खटकली.

त्या काळी पुस्तकाला नंबर मिळायचा तो कपाटाचा आणि फळीचा. कपाट भरलं, नवी पुस्तकं आली की सगळं सरकवायचं आणि सगळ्यांचे नंबर पुन्हा लिहायचे. स्वयंपाकघरातल्या डब्यावर ‘तूरडाळ’ असं न लिहिता ‘तिसरी फळी, डावीकडून पाचवा’ असं लिहिण्यासारखाच हा प्रकार. डबा हलला की चिठ्ठी खोटी.

इतर मदतनिसांनी हेच काम मुकाट्यानं केलं असतं. ड्युईनं दुसऱ्या लायब्रऱ्या पालथ्या घातल्या, त्यांच्या पद्धती वाचल्या, आधीच्या लोकांच्या कल्पना घेतल्या. मग ठरवलं, नंबर जागेला नाही, पुस्तकाच्या विषयाला द्यायचा.

1873 मध्ये त्यानं हा आराखडा कॉलेजच्या समितीपुढं ठेवला. तेव्हा वय होतं 21.

पद्धत अशी. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग. प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग, त्यांचे आणखी दहा. त्याहून बारीक जायचं तर दशांश चिन्ह. 500 म्हणजे विज्ञान, 520 खगोलशास्त्र, 800 साहित्य. 891.46 म्हणजे मराठी साहित्य, 891.461 मराठी कविता. पुस्तक कुठल्याही खोलीत हलवा, नंबर तोच राहतो.

1876 मध्ये ही पद्धत 44 पानांच्या पुस्तिकेतून छापून आली. त्यावर लेखक म्हणून ड्युईचं नावही नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्रंथपालांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांतही तो होता.

पुढं तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजचा ग्रंथपाल झाला. (बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू ते जॉन ड्युई. हा वेगळा ड्युई, घोळ करू नका.) 1887 मध्ये त्यानं तिथं ग्रंथपाल घडवणारी शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीतल्या 20 जणांपैकी 17 मुली होत्या. कॉलेजच्या विश्वस्तांचा मुलींना घेण्याला विरोध होता. ड्युईनं ऐकलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या फळ्यावर लिहावी अशी आहे. पण ती इथं संपत नाही.

ड्युईनं लेक प्लॅसिड इथं एक क्लब काढला होता. त्यात ज्यू लोकांना प्रवेश नव्हता. आणि हाच माणूस न्यूयॉर्क राज्याचा ग्रंथपाल म्हणून सरकारी पगार घेत होता. सगळ्यांसाठी असलेल्या लायब्ररीचा प्रमुख काही लोकांना दारातूनच परत पाठवतो, हे कसं चालेल? 1905 मध्ये ज्यू समाजातल्या मान्यवरांनी रीतसर तक्रार केली. ड्युईला ठपका बसला आणि पद सोडावं लागलं. त्याच वर्षी ग्रंथपालांच्या एका सहलीत त्यानं केलेल्या गैरवर्तनाबद्दल महिला ग्रंथपालांनी तक्रारी केल्या. ज्या मुलींसाठी त्यानं दार उघडलं, त्यांनाच त्याच्यापासून जपून राहावं लागलं.

26 डिसेंबर 1931 रोजी तो वारला. 2019 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल संघटनेनं आपल्या मानाच्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं. जी संघटना उभारायला त्यानं हात लावला, तिनंच.

त्याच्या आकड्यांतही ही वृत्ती थोडी दिसते. इंग्रजी साहित्याला आख्खं 820 मिळालं. मराठी मात्र 890 च्या ‘इतर भाषां’मध्ये, तीही दशांश चिन्हानंतर. धर्माच्या 200 च्या वर्गात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माची, जगातले बाकीचे धर्म 290 मध्ये दाटीवाटीनं.

आपल्याकडच्या एस. आर. रंगनाथन यांनी 1924 मध्ये लंडनला जाऊन ड्युईची पद्धत शिकून घेतली, तिच्या मर्यादा ओळखल्या आणि स्वतःची कोलन पद्धत तयार केली. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हाही एक नियम होता. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

आता शाळेतल्या मदतनिसांकडं वळू. ड्युईकडून घ्यायचं ते हे. काम छोटं असलं तरी नीट करायचं. पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं की ते हरवल्यासारखंच असतं. आकडा डावीकडून एकेक अंक बघून लावायचा, कारण 891.5 हे 891.46 च्या नंतर येतं, आधी नाही. 5 पेक्षा 46 मोठे म्हणून पोरं इथंच फसतात. एखादं काम रोज उगाच दुप्पट होत असेल, तर ते का होतंय हे बाईंना विचारायचं आणि उपायही सुचवायचा.

आणि जे त्याला जमलं नाही, तेही शिकायचं. नवं कोरं पुस्तक मित्रासाठी मागं लपवून ठेवायचं नाही. अडखळत वाचणाऱ्याला हसायचं नाही. कुणी काय वाचायला नेलं याची वर्गात टर उडवायची नाही. पाचवीतला असो की दहावीतला, कुठल्याही वस्तीतला, कुठल्याही आडनावाचा, दारात आलेल्या प्रत्येकाला पुस्तक शोधून द्यायचं.

कपाट लावायला ड्युईची पद्धत पुरते. पण कपाटापुढं उभ्या असलेल्या पोराशी कसं वागायचं, याला कुठलाच वर्गांक नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.