विश्लेषण : नोबेलविजेते फॉकनर खरेच युद्धातले वैमानिक होते?

डिसेंबर १९१८. पहिले महायुद्ध थांबून जेमतेम महिना झाला होता. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ऑक्सफर्ड या लहानशा गावी २१ वर्षांचा एक तरुण परतला. अंगावर ब्रिटिश हवाई दलाच्या अधिकाऱ्याचा गणवेश, हातात काठी, चाल लंगडी. हा तरुण म्हणजे विल्यम फॉकनर, पुढे १९४९ चे साहित्याचे नोबेल मिळवणारे कादंबरीकार.

दावा काय होता?

फ्रान्समध्ये आपले विमान कोसळले, त्यात पाय जायबंदी झाला आणि डोक्यात चांदीची पट्टी बसवावी लागली, असे फॉकनर सांगत. ऐकणाऱ्यागणिक तपशील बदलत, पण विश्वास सगळेच ठेवत. न्यू ऑर्लिन्समध्ये भेटलेले ज्येष्ठ लेखक शेरवूड अँडरसन यांनी तर त्यावरून कथाही लिहिली. १९४३ मध्ये वैमानिक होऊ घातलेल्या पुतण्याला लिहिलेल्या पत्रातही फॉकनर यांनी आपला लष्करी ओळख-बिल्ला युरोपात हरवल्याचे सांगितले.

नोंदी काय सांगतात?

हवाई दलाच्या कागदांनुसार ते युरोपला गेलेच नाहीत. जून १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांची भरती झाली. ब्रिटिश दलात शिरण्यासाठी त्यांनी जन्मस्थान इंग्लंडमधील फिंचली असे लिहिले. प्रत्यक्षात जन्म मिसिसिपीतलाच. वडिलांच्या आडनावात नसलेले एक ‘यू’ अक्षर त्यांनी याच सुमारास आपल्या आडनावात घातले, ते कायमचेच. जुलैमध्ये ते कॅनडातील टोरांटोला छात्र म्हणून दाखल झाले. तिथे कवायत आणि वर्गातले शिक्षण सुरू होते. प्रत्यक्ष उड्डाणाचा टप्पा यायच्या आत, ११ नोव्हेंबरला युद्ध संपले. जानेवारी १९१९ च्या कागदावर सेवामुक्तीची नोंद आहे. अधिकाऱ्याचा मानद दर्जा मिळाला तो १९२० मध्ये, म्हणजे गणवेश आधी आणि हुद्दा नंतर!

यातली सर्वात बोचरी गोष्ट घरातलीच. त्यांचा धाकटा भाऊ जॅक अमेरिकी मरीन दलातून खरोखर फ्रान्समध्ये लढला आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये आर्गोनच्या लढाईत जखमी झाला. तो जिवंत आहे की नाही, याची घरच्यांना कित्येक आठवडे खबर नव्हती. थोरले चिरंजीव काठी टेकत गावात फिरत होते, ते याच दिवसांत.

विमानाचे वेड मात्र खोटे नव्हते. १९३३ मध्ये ते रीतसर उड्डाण शिकले, स्वतःचे विमानही घेतले. त्याच विमानाच्या अपघातात १९३५ मध्ये सर्वात धाकटा भाऊ डीन गेला. ही सल फॉकनर यांना आयुष्यभर राहिली.

माघार घेतली का?

उघडपणे कधीच नाही. १९४६ मध्ये समीक्षक माल्कम काउली त्यांच्या साहित्याच्या निवडक संग्रहाला प्रस्तावना लिहीत होते. छापील संदर्भग्रंथांतून त्यांनी युद्धातल्या पराक्रमाचा मजकूर घेतला होता. फॉकनर यांनी तो काढायला लावला; १९१८ मध्ये हवाई दलात होतो, एवढेच ठेवा, असा आग्रह धरला. खरे कारण सांगितले नाही. काउलींनी ते मान्य केले.

जुलै १९६२ मध्ये फॉकनर यांचे निधन झाले. अभ्यासकांनी हवाई दलाच्या नोंदी तपासून टोरांटोचा हिशेब छापला, तो त्यानंतर.