लॉर्ना, काउंटेस हाऊ

लॉर्ना कॅथरीन, काउंटेस हाऊ (मृत्यू : इ.स. १९६१) या लॅब्रॅडोर रिट्रीव्हर जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या ब्रिटिश पैदासकार व प्रशिक्षक होत्या. इंग्लंडमधील लॅब्रॅडोर रिट्रीव्हर क्लबच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

जीवन

त्यांचे माहेरचे आडनाव कर्झन. पहिल्या विवाहानंतर श्रीमती क्विंटिन डिक या नावाने त्या श्वानक्षेत्रात परिचित झाल्या. पुढे चौथे अर्ल हाऊ यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांना काउंटेस हा किताब मिळाला. त्यांच्या श्वानशाळेतील कुत्र्यांच्या नावांना 'बँकरी' हे उपपद लावले जाई.

क्लबची स्थापना

त्या काळी संमिश्र पैदाशीची रिट्रीव्हर कुत्री केवळ दिसण्यावरून एखाद्या जातीत नोंदवली जात. त्यामुळे लॅब्रॅडोरची शुद्धता धोक्यात आली होती. यावर उपाय म्हणून इ.स. १९१६ मध्ये लॅब्रॅडोर रिट्रीव्हर क्लब स्थापन झाला. आर्थर हॉलंड-हिबर्ट (नंतरचे लॉर्ड नट्सफर्ड) हे अध्यक्ष झाले, तर चिटणीसपद व खजिनदारपद लॉर्ना यांच्याकडे आले. महायुद्धामुळे शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धा तेव्हा बंद होत्या. युद्ध संपल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या.

या स्पर्धांत पक्ष्यांची प्रत्यक्ष शिकार होते. बंदुकीचा बार झाल्यावर कुत्र्याने जागचे न हलता आज्ञेची वाट पाहावी, वासावरून पडलेला पक्षी शोधावा आणि त्यावर दात न रोवता तो मालकाच्या हाती द्यावा, अशी अपेक्षा असते. उतावळेपणाने धावणारा किंवा पक्षी चावणारा कुत्रा बाद होतो.

बँकरी बोलो

'स्कँडल ऑफ ग्लिन' हा लॉर्ना यांचा आवडता कुत्रा. तो गेल्यानंतर त्याचा वंश टिकावा म्हणून त्यांनी त्याच्या पुत्राचा, बोलोचा, शोध घेतला. बोलोचा जन्म इ.स. १९१५ चा. अनेक प्रशिक्षकांनी त्याला हट्टी व निरुपयोगी ठरवून सोडून दिले होते. इ.स. १९१८ मध्ये तो लॉर्ना यांच्याकडे आला. धाकाऐवजी विश्वासाच्या बळावर त्यांनी त्याला घडवले. प्रदर्शन आणि मैदानी स्पर्धा या दोन्हींत विजेतेपद मिळवणारा, म्हणजेच ड्युअल चॅम्पियन ठरलेला, तो पहिला लॅब्रॅडोर होय. पंजांखालील पांढऱ्या केसांची खूण त्याच्या वंशजांत आढळते. तिला आजही बोलोचे नाव दिले जाते.

इतर यश

बँकरी सनस्पेक, बँकरी पेंटर व ब्रॅमशॉ बॉब हे त्यांचे आणखी तीन ड्युअल चॅम्पियन. हा मान मिळवणारे लॅब्रॅडोर इंग्लंडमध्ये मोजकेच झाले. क्रफ्ट्स या प्रसिद्ध प्रदर्शनात ब्रॅमशॉ बॉबने इ.स. १९३२ व १९३३ मध्ये, तर चेव्हरेल्स बेन ऑफ बँकरीने इ.स. १९३७ मध्ये सर्वोत्कृष्ट श्वानाचा मान पटकावला.

उत्तरकाल

इ.स. १९३५ मध्ये लॉर्ड नट्सफर्ड यांच्या निधनानंतर क्लबचे अध्यक्षपद लॉर्ना यांच्याकडे आले व ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. लॅब्रॅडोरविषयी त्यांनी ग्रंथही लिहिला. देखणा कुत्रा कामाचाही असावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पश्चात मात्र प्रदर्शनाची आणि शिकारीची कुत्री यांचे वंश एकमेकांपासून दूर होत गेले. बोलोसारखा दुहेरी विजेता त्यामुळे दुर्मीळ झाला.