२८२ गुणांचा सत्कार

दहावीचे निकाल लागले की छत्रपती संभाजीनगरच्या चौकाचौकांत गुणवंतांच्या सत्काराचे फलक झळकू लागतात. टक्केवारी जितकी मोठी, तितके छायाचित्र मोठे. याच शहरात नागसेनवन वसविणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मॅट्रिकला मिळालेले गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या फलकांवर त्यांना जागा मिळाली नसती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांची शाळा साताऱ्यात सुरू झाली. वर्गात त्यांना वेगळा कोपरा होता. बसावयाचे गोणपाट रोज घरून न्यावे व परत आणावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यामुळे शिपाई नसेल तर तहान तशीच राही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा जातीपायी डावलली गेली आणि फारशी घ्यावी लागली. संस्कृतमध्ये सर्वप्रथम येणाऱ्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. मोठ्या मानाची ती चुरस; भीमरावांना तीत हरण्याचीदेखील संधी नव्हती.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे हीच त्या काळी अपूर्वाई. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर आधीपासून ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. गुणपत्रिकेपेक्षा मुलगा कोठून निघून कोठवर आला, हे त्या मंडळींनी पाहिले. बक्षीस म्हणून दिलेल्या पुस्तकाचा परिणाम किती दूरवर पोहोचू शकतो, हे १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दिसले.

केळुस्कर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या प्रयत्नांमुळे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून भीमरावांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली; बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. मात्र राहावयास घर मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. शिष्यवृत्तीने समुद्र ओलांडता आला, बडोद्यातील उंबरठा नाही. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. ज्यांना शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंतही पोहोचता येत नाही, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने जून १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

या महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद हा भल्याभल्या पंडितांना वादात निरुत्तर करणारा. भिक्खू नागसेनांनी मात्र त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले आणि राजाने आपली हार मोकळेपणाने मान्य केली. महाविद्यालयाला नाव लाभले ते या हरलेल्या राजाचे, परिसराला नागसेनांचे.