पाखरांसाठी लढलेली रेचल

घरातली दुखणी-खुपणी, पैशाची ओढाताण, मुलंबाळं... यातून आपलं काही करायला सवडच मिळत नाही, असं आपण बायका नेहमी म्हणतो. मीही म्हणते. मग मला रेचल कार्सन आठवते.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावचा. आईचं बोट धरून रानात हिंडताना तिला पाखरांचं वेड लागलं. कॉलेजात गेली लेखिका व्हायला, पण रमली जीवशास्त्रात. १९३२ मध्ये तिने प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे शिकायचं होतं, पण पैसा नव्हता. १९३५ मध्ये वडील गेले, आईचा भार तिच्यावर आला. तिने सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली. १९३७ मध्ये थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन मुली हिच्या घरी आल्या. दिवसा कचेरी, रात्री लेखन. १९५१ मध्ये आलेलं तिचं समुद्रावरचं पुस्तक इतकं खपलं, की पुढच्याच वर्षी तिने नोकरी सोडली.

१९५७ मध्ये भाचीही गेली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, लग्न न केलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या रेचलने दत्तक घेतलं.

तेव्हा तिकडे डीडीटीचा मोठा बोलबाला होता. शेतांवर, जंगलांवर विमानातून फवारणी व्हायची. १९५८ मध्ये एका ओळखीच्या बाईचं पत्र आलं. डासांसाठी फवारलं आणि आमच्याकडची पाखरं मेली, अशी तिची तक्रार होती. रेचलने या प्रकरणाचा पिच्छाच पुरवला. एल्मच्या झाडांवर फवारलेलं औषध पानांबरोबर मातीत जायचं. ती पानं गांडुळं खायची, गांडुळं रॉबिन पाखरं खायची आणि पाखरं मरून पडायची. हे विष लवकर नाहीसं होत नाही, अंगातल्या चरबीत साठत जातं. शिवाय कीडही त्याला सरावते, मग आणखी जहाल औषध लागतं.

लिहितानाच, १९६० मध्ये, तिला स्तनाचा कॅन्सर झाला. तिने तो जगापासून लपवला. आजारी बाई रागाने लिहितेय, असं विरोधकांना म्हणता येऊ नये म्हणून. १९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झालं. औषध कंपन्या तुटून पडल्या. बिनलग्नाची, हळवी बाई म्हणून टिंगलही झाली. खरं तर सगळी औषधं बंद करा, असं तिचं म्हणणंच नव्हतं. अंदाधुंद वापरू नका आणि लोकांना खरं काय ते कळू द्या, एवढीच तिची मागणी होती. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने तिचं म्हणणं उचलून धरलं. त्याच वर्षी, आजाराने पोखरलेल्या शरीराने, ती संसदेच्या समितीपुढे बोलून आली.

१४ एप्रिल १९६४ ला रेचल गेली, वयाच्या ५६ व्या वर्षी. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. ती बघायला ती नव्हती. आपल्या देशात शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला.

मैत्रिणींनो, आजही फवारणीचं औषध आपल्या घरात येतं, त्याचे कपडे आपणच धुतो, रिकामा डबाही कधी कधी पाण्याला वापरतो. या डब्यात काय आहे, हे विचारायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. तेवढं तरी विचारू या!